कुडाची भिंत

डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार या पट्ट्यातलं जुनं वारली घर म्हणजे जंगलाचाच एक तुकडा. खांब सागाचे नाहीतर ऐनाचे, वासे बांबूचे, वर गवताचं छप्पर, आणि भिंती कारवीच्या. कारवी डोंगरउतारावर दाट वाढते. सात वर्षं ती नुसती उंच होत राहते, आठव्या वर्षी सगळा डोंगर एकदम जांभळा करून फुलते, बी टाकते आणि वाळून जाते. तिच्या सरळसोट, बोटाएवढ्या जाडीच्या काठ्या एकीला एक भिडवून उभ्या लावायच्या, आडव्या कांबींना बांधायच्या, की झाला कुड. मग त्यावर दोन्ही बाजूंनी चिखल. शेण, माती आणि भाताचा तूस एकत्र तुडवून बायका तो हाताच्या पंजाने लिंपतात. वाळल्यावर बारीक भेगा पडतात, त्या पुन्हा शेणकाल्याने बुजवतात, आणि सगळ्यात शेवटी गेरूचा हात फिरवतात. आतल्या खोलीला खिडकी बहुधा नसेच. बाहेर वैशाखाचं ऊन रणरणत असलं, तरी आत गारवा आणि धान्याच्या कणगीचा वास.

या भिंतीवर जे लिहिलं गेलं त्याला जगाने 'वारली चित्रकला' हे नाव दिलं. त्या चित्राबद्दल बोलताना सगळे त्रिकोणांबद्दल बोलतात, तारपा या वाद्याभोवतीच्या वेटोळ्या नाचाबद्दल बोलतात, पांढऱ्या रेषेच्या साधेपणाबद्दल बोलतात. मी आयुष्यभर याच भागातल्या शाळांमध्ये चित्रकला शिकवली, आणि मला त्या रेषेइतकंच तिच्यामागच्या भिंतीचं महत्त्व वाटतं. ती भिंत कुठून आली, कोणी उभी केली आणि आता कुठे गेली, हे सांगितल्याशिवाय या चित्राचा इतिहास सांगता येतो असं मला वाटत नाही.

पहिली गोष्ट वयाची. ही कला अडीच हजार वर्षांपूर्वीची, कोणी म्हणतं पाच हजार, असं माहितीपत्रकांत छापलेलं असतं. शाळेच्या तपासणीला आलेले साहेबही तेच बोलायचे. मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या गुहांतली माणसं आणि ही माणसं दिसायला सारखी, हा त्यासाठी दिला जाणारा पुरावा. सारखेपणा आहे, पण सारखेपणावरून वंशावळ सिद्ध होत नाही. कुडाची भिंत दर पावसाळ्यानंतर लिंपली जाते. लग्नात देवीसाठी भिंतीवर लिहिलेलं चौकोनी चित्र, म्हणजे चौक, पुढच्या सारवणीत शेणाखाली जातं. घर जुनं झालं की मोडतं, खांब नव्या घराला लागतात, माती मातीत मिसळते. शंभर वर्षांपूर्वीचं एकही भिंतचित्र त्यामुळे आपल्यापुढे नाही. ज्या बायका ते लिहीत होत्या त्यांना ते टिकवायचं नव्हतंच. लग्न लागलं, देवी येऊन गेली, चौकाचं काम संपलं. पुढच्या लग्नात नवी भिंत, नवे तांदूळ. जुनेपणाचा आकडा फुगवला की या बायकांचा मान वाढतो असं कोणाला वाटत असेल, तर मला ते पटत नाही. पिढ्यानपिढ्या दर खेपेला पहिल्यापासून लिहिणं, आणि तरीही चौकाचा घाट न मोडणं, हीच या परंपरेची खरी ताकद आहे.

सुगी आटोपली, भात कणगीत पडलं, की लग्नं निघायची. लग्नघरात देवचौक आणि लग्नचौक लिहायचा मान सवाशिणींचा. ज्यांचे नवरे हयात आहेत अशा बायकाच चौकाला हात लावणार. पुरुष लिहीत नसत. गाणी म्हणायला धवलेरी असते. वारल्यांचं लग्न ती लावते, ब्राह्मण लागत नाही, आणि तिची गाणी झाल्याशिवाय लग्नाला लग्नपण नाही. तरुण असताना, नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, एका पाड्यावर मला चौक लिहिताना बसू दिलं होतं. मी कुमारिका, त्यामुळे हात लावायचा नाही एवढीच अट. तांदूळ भिजवून पाट्यावर वाटले होते. त्या पांढऱ्या पिठवणीत बांबूची काडी बुडवायची. काडीचं टोक दातांनी चावून कुंचल्यासारखं फुलवलेलं. ओल्या गेरूवर ती रेष आधी जवळजवळ दिसतच नाही. पाणकट, करडी. अंधाऱ्या खोलीत, दिव्याच्या उजेडात, त्या बाया न दिसणारी रेष लिहीत होत्या आणि वाळत जाईल तशी ती मागून पांढरी होत येत होती. पुढे काय लिहायचं ते त्यांना डोळ्यांनी बघावं लागत नव्हतं. मी कला महाविद्यालयात खोडरबर घेऊन शिकले होते. इथे खोडायला काही नव्हतं आणि कोणी खोडतही नव्हतं.

आधी मोठा चौरस. त्याच्या चारही कडांना पट्ट्यांवर पट्ट्या, प्रत्येकीची नक्षी वेगळी, साखळीसारखी, कंगोऱ्यांची, तिरक्या रेघांची. हे काठ भरायलाच निम्मा दिवस जातो. मधोमध पालघट, लग्नाची आणि पिकण्याची देवी, उभी, केस मोकळे. शेजारी लहान चौकात घोड्यावर पंचशिऱ्या, पाच डोक्यांचा देव. तो नसला तर पालघट एकटी पडते, असं त्या सांगत. मग सूर्य, चंद्र, फणी, शिडी. बाहेर झाडं. ही झाडं मला फार आवडतात. ताड वेगळा, खजुरी वेगळी, बांबूचं बेट वेगळं, प्रत्येकाची फांदी फुटण्याची रीत ओळखू येते. झाडांखाली वाजंत्री, घोड्यावर नवरानवरी, आणि झाडावर चढणारं माकड नाहीतर खार. माणसं चौकाच्या बाहेर, कडेला, लहान. मधली जागा देवीची आणि तिच्याभोवती जंगल. माणूस आणि निसर्ग यांचं नातं यावर आज पुष्कळ लिहिलं जातं. चौकात ते नातं मापानेच ठरवलेलं आहे. माणसाचा आकार केवढा ठेवायचा, हे त्या सवाशिणींनी भिंतीवर लिहून ठेवलं होतं.

ज्या सवाशिणीच्या बाजूला मी बसले होते तिला मी विचारलं, की तांदळाऐवजी चुना का नाही वापरत? चुना पांढरा असतो, टिकतोही. तिने मान न वळवता सांगितलं, "चुना काय कणसरी हाय का, बाई?" कणसरी ही धान्याची देवी. नवं भात आधी तिला, मग माणसाच्या तोंडात. चौक तिच्याच अंगाचा लिहायचा असतो.

तांदूळ हवेत, तर भात पिकलं पाहिजे. इथून या भिंतीचा इतिहास सरकारी दप्तरांत आणि सावकारांच्या वह्यांत शिरतो.

माझे वडील डहाणू रोड स्टेशनजवळच्या एका लाकडाच्या वखारीत कारकून होते. लहानपणी मी त्या ओंडक्यांवर खेळले आहे. प्रत्येक ओंडक्यावर हातोड्याने उठवलेला शिक्का असे. १८६४ साली सुरतेकडून येणारी रेल्वे मुंबईला जाऊन भिडली आणि डहाणूच्या मागचं सागाचं जंगल मुंबईच्या दारात आलं. इमारतींना, स्लीपरांना, कोळशाच्या भट्ट्यांना लाकूड निघू लागलं. १८७८ च्या वन कायद्याने जंगल राखीव झालं आणि त्यात राहणारा माणूस त्यात शिरला की गुन्हेगार ठरू लागला. त्या वेळचा सगळ्यात मोठा तंटा राबाचा होता. भाताचं रोप टाकण्याआधी त्या वाफ्यावर झाडांच्या छाटलेल्या फांद्या, पाला, गवत आणि शेण अंथरून जाळतात, तो राब. त्याशिवाय इथल्या मुरमाड जमिनीत रोप धरत नाही, असं शेतकऱ्याचं म्हणणं. फांद्या छाटल्याने जंगल खुरटतं, असं वनखात्याचं म्हणणं. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ साली सरकारला मुंबई इलाख्यासाठी वन आयोग नेमावा लागला. त्याचा १८८७ चा अहवाल पाहिला, तर राबाने केवढी पानं अडवली आहेत ते दिसतं. खांब, कारवी, गवत, राबाचा पाला, ज्या ज्या वस्तूंनी घर आणि शेत उभं राहायचं त्या सगळ्यांवर आता कोणाची तरी परवानगी लागत होती.

आणि जमीन गेलीच होती. किनाऱ्यावरच्या सावकारांनी आणि जमीनदारांनी ती गिळली, वारली त्याच जमिनीवर कूळ झाला आणि वेठीला जुंपला गेला. यात लग्नगड्याची रीत सगळ्यात वाईट. लग्नासाठी तरुणाने सावकाराकडून थोडं भात आणि थोडे रुपये उचलायचे, आणि फेडायचे म्हणून त्याच्याकडे राबायचं. बायकोनेही राबायचं. वर्षं जात, कर्ज जात नसे. चौकातल्या घोड्यावर बसलेला तो नवरदेव लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कोणाचा तरी गुलाम होता, ही गोष्ट कलेवरच्या सुंदर पुस्तकांत फारशी सापडत नाही. म्हणून अनेक जोडपी लग्नाशिवायच एकत्र राहत, संसार करत, आणि पोरंबाळं मोठी झाल्यावर कधीतरी चार पैसे जमले की मांडव घालत. आईबापाचं आणि मुलाचं लग्न एकाच मांडवात लागलेलं या भागात सगळ्यांनी पाहिलेलं आहे. याचाच अर्थ, कित्येक भिंती चौकाशिवायच मोडून गेल्या.

डी. सायमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३९ च्या सुमाराला मुंबई इलाख्यातल्या आदिवासींच्या स्थितीवर सरकारला अहवाल दिला, त्यात ही कर्जं आणि ही वेठ नोंदलेली आहे. अहवालाने काही सुटलं नाही. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, आणि २३ मे १९४५ ला तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर तिथे होते. वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही, असं ठरलं. गवतकापणीच्या दिवसांत मजुरीचा संप झाला. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये, ही मागणी. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाचजण गेले, त्यांत जेठ्या गांगड होता. गोदावरीबाईंनी पुढे हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिलं. माझ्या वडिलांच्या वखारीत त्या बंडाची आठवण दबक्या आवाजात निघायची. वखारवाल्यांच्या बाजूने सांगितली जायची ती गोष्ट. मी मोठी झाल्यावर दुसऱ्या बाजूने ऐकली, ती पाड्यांवर.

लग्नगडीपण मोडलं आणि मगच गरिबाच्या घरी लग्नं वेळेवर होऊ लागली, चौक पुन्हा भिंतीवर आला, असं मला जुन्या बायकांच्या बोलण्यावरून जाणवत आलं आहे. 'बंडानंतरची लग्नं' असा त्यांच्या बोलण्यातला काळाचा एक टप्पाच होता.

झरीची परिषद झाली तेव्हा तलासरी भागातल्या धामणगावचा एक मुलगा दहाअकरा वर्षांचा होता. जन्म १९३४ चा. आई लहानपणीच गेली, घर विस्कटलं, आणि त्याचं बोलणंच बंद झालं. काही सांगायचं असलं की तो धुळीत चित्र काढून दाखवी. लग्नघरांत बायका चौक लिहीत, तिथे तो बसून राही. पुढे तो गंजाडजवळच्या कळंबीपाड्याला येऊन राहिला. हा जिव्या सोमा म्हसे.

भास्कर कुलकर्णी हे मुंबईचे चित्रकार. बिहारमध्ये १९६६-६७ च्या दुष्काळात पुपुल जयकरांच्या पुढाकाराने मधुबनीच्या बायकांना कागद देऊन भिंतीवरची चित्रं कागदावर आणायचं काम झालं, ते करणारे हेच. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते डहाणूकडे आले, वारली पाड्यांवर राहिले. इथेही कागद बायकांपुढेच ठेवला गेला. पण लग्न नाही, देवी नाही, धवलेरी नाही, तर उगाच कशाला लिहायचं, हा त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. जिव्या म्हसे मात्र देवीच्या बाहेर, चौकाच्या कडेला जी माणसं, झाडं, जनावरं होती, त्यांच्याकडे आधीपासूनच वळला होता. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्याचं प्रदर्शन झालं, १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पाड्यावरचे तरुण मग मोठ्या संख्येने काडी हातात घेऊ लागले.

बायकांच्या हातची कला पुरुषांनी पळवली, असं म्हणणारे आहेत. मला त्यात तथ्य वाटतं, आणि ते दुखतंही. चित्राला पैसे मिळू लागले तशी ती सही करणाऱ्याची झाली, आणि सही बहुतेक वेळा पुरुषाची असते. पण जिव्या म्हसेपुरतं बोलायचं तर त्याने नुसता चौक विकला नाही. त्याने चौकाच्या बाहेरचं जग घेतलं, जे कडेला गर्दी करून उभं होतं, आणि त्याला सबंध कागद दिला.

त्याचं मासेमारीचं जाळं आठवून पाहा. जवळजवळ पूर्ण कागद जाळ्यानेच भरलेला. एकेक आस काडीने ओढलेली, हजारो बारीक कमानी, कुठे घट्ट, कुठे सैल. आस जिथे सैल होते तिथे जाळं फुगलेलं भासतं, पाण्याचा दाब कळतो, आणि पाणी तर काढलेलंच नाही. कडेला माणसं, बोटाच्या पेराएवढी. किंवा त्याच्या मुंग्या. मुंग्यांच्या रांगाच रांगा, वारुळाच्या वाटा, आणि त्या रांगेला जेवढी जागा तेवढीच शेजारच्या माणसांना. शाळेत मी मुलांना सांगत असे, की मुंगी काढताना त्याचा हात माणूस काढतानापेक्षा जराही घाईत नाही, हे बघा. हे शिकवता येत नाही. कागदाला शेण किंवा गेरू लावून मगच काढायची सवय त्याने शेवटपर्यंत सोडली नाही. पुढे कॅनव्हास आला, पांढऱ्या रंगाच्या बाटल्या आल्या, तरी खाली शेण राहिलं. भिंतीचं कातडं तो कागदावर पसरत होता.

१९८९ साली पॅरिसला ज्याँ-युबेर मार्तँ यांनी एक मोठं प्रदर्शन भरवलं, जगभरातल्या शंभरेक कलावंतांचं, त्यांतले निम्मे युरोप-अमेरिकेबाहेरचे. पाँपिदू केंद्र आणि ला व्हिलेतच्या बाजाराची जुनी मोठी इमारत, अशा दोन ठिकाणी ते मांडलं होतं. जिव्या म्हसे त्यात होते. इंग्रज कलावंत रिचर्ड लाँगही होता. ब्रिस्टलचा हा माणूस १९६७ साली एका कुरणात गवत दबून सरळ रेघ उमटेपर्यंत येरझारा घालत राहिला, आणि ती पायवाट म्हणजेच त्याची कलाकृती. तेव्हापासून तो जगभर चालतो, दगड वर्तुळात रचतो, परत जातो, वारापाऊस ते पुसतात. संग्रहालयात बोलावलं तर तो नदीचा चिखल भिंतीला पंजाने लावतो. पॅरिसमध्ये त्याने भलंमोठं लाल मातीचं वर्तुळ भिंतीवर लिंपलं होतं आणि खाली जमिनीवर ऑस्ट्रेलियातल्या युएंदुमूच्या आदिवासींचं भूमिचित्र होतं.

तेच मार्तँ पुढे जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या कुन्स्ट पलास्त संग्रहालयाचे संचालक झाले, आणि २००३ साली तिथे रिचर्ड लाँग आणि जिव्या सोमा म्हसे यांचं एकत्र प्रदर्शन भरलं. त्यासाठी लाँग डहाणूला आला, वारली पाड्यांतून, शेतांतून चालला, इथल्याच मातीदगडांत त्याने काम केलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. मला या भेटीत फार मोठा अर्थ दिसतो. युरोपातल्या एका कलावंताला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, फ्रेम आणि पुतळे नाकारून, जिथे पोचायचं होतं, ती जागा अशी होती: पुसली जाईल अशी खूण, हाताने लिंपलेला चिखल, जागेतलीच वस्तू, आणि जागेलाच परत. सवाशिणी तिथे आधीपासून होत्या. फरक एवढाच, की लाँगला ते निवडता आलं. ज्यांच्याकडे काहीच उरलं नव्हतं त्या बायकांनी ते धरून ठेवलं.

जिव्या म्हसेंना २००९ साली नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार, २०११ साली पद्मश्री मिळाली. मे २०१८ मध्ये ते गेले.

त्यांच्या हयातीत आणि नंतर डहाणूचं काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण ते पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं आहे. औष्णिक वीज प्रकल्प आला. लोकांनी लढून २० जून १९९१ ची अधिसूचना मिळवली, तिने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसलं. त्याने १९९८ साली इथल्या किनाऱ्यावरचं नियोजित वाढवण बंदर नाकारलं, आणि त्याच बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. गंजाडच्या राजेश वांगडने छायाचित्रकार गौरी गिल यांच्याबरोबर २०१३ पासून जे काम केलं, ते या बदलांबद्दलचं मला सगळ्यात खरं वाटलेलं चित्र आहे. गिल यांनी गंजाडच्या शेतांचे, टेकड्यांचे कृष्णधवल फोटो काढले. फोटोत उघडी जमीन, क्वचित एखादं झाड. वांगडने त्या फोटोवरच काळ्या शाईने रेखाटलं. इथे काय होतं, कोणतं जंगल, कोणते प्राणी, कोण कुठून आलं, काय पेटलं. कॅमेऱ्याला आजचं दिसतं आणि काडीला मागचं. दोन्ही एकाच कागदावर आल्यावर मी बराच वेळ बोलू शकले नव्हते.

आता भिंत.

सरकारच्या यादीत कुडाचं घर म्हणजे 'कच्चं घर'. ज्याचं घर कच्चं, त्याला घरकुल. इंदिरा आवास, शबरी आवास, प्रधानमंत्री आवास, नावं वेगवेगळी. विटांची भिंत, सिमेंटचा गिलावा, वर पत्रा नाहीतर स्लॅब. जोत्याचा फोटो, भिंतीचा फोटो, छपराचा फोटो काढून पाठवायचा, तसतसा हप्ता खात्यात जमा. पक्कं घर नको असं म्हणण्याचा हक्क मला नाही. पावसात गळणाऱ्या, सापकिरडू शिरणाऱ्या खोलीत मी संसार केलेला नाही. बायकांना दरवर्षी लिंपण करावं लागत नाही, हा मोठा दिलासा आहे, त्या स्वतःच सांगतात. पण पत्र्याखालची सिमेंटची खोली एप्रिलमध्ये तव्यासारखी तापते, आणि त्या गुळगुळीत गिलाव्यावर शेणाचा थर धरत नाही. वाळला की पापुद्रे निघतात. तांदळाची रेष त्याच्यासकट खाली पडते.

चौक बंद पडण्याला बाजार कारणीभूत आहे, पुरुषांनी कागदावर काढलं म्हणून बायकांनी भिंतीवर सोडलं, असं सहज लिहिलं जातं. मी जे पाहिलं त्यावरून मला ते खरं वाटत नाही. ज्या घरांत मुलगा रोज कागदावर चित्रं काढून विकतो, त्याच घरांत त्याच्या आईने लग्नात चौक लिहिलेला मी पाहिला आहे. खंड पडला तो भिंतीमुळे. आणि भिंत बदलली ती निव्वळ घरकुलामुळे नाही. त्याच्या कितीतरी आधीपासून कारवी जवळपास मिळेनाशी झाली होती. जिथे मिळते तिथून मोळी आणताना धाकधूक. गुरं कमी झाली, शेण कमी झालं. शंभर वर्षं जंगल या लोकांच्या हातून काढून घेतलं गेलं, आणि मग त्यांच्या भिंतीला कच्ची म्हटलं गेलं.

दरम्यान ही चित्रं सगळीकडे गेली. रेल्वे स्टेशनांवर, साड्यांवर, शाळांच्या कंपाउंडवर ऑइलपेंटने. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं, आदिवासी युवा सेवा संघाने ते मागून मिळवलं, ही फार चांगली गोष्ट झाली, कारण परक्यांच्या हातचा छापील माल वारलीच्या नावाने विकला जात होता. पण माझ्या वर्गात वारल्यांच्याच मुली जेव्हा पोस्टर कलरने दोन त्रिकोण जोडत, तेव्हा मी त्यांना घरी पाठवत असे. आजीला विचारून या, पालघटीचे केस किती काढायचे, काठाला आधी कुठली पट्टी. काहीजणी विचारून येत. काहींच्या आज्या सांगत, की आमच्या लग्नात चौक झालाच नव्हता, आम्हाला मांडवच नव्हता. तेही त्या मुली वहीत लिहून आणत, आणि मी ते तसंच ठेवून घेई. त्या वह्या माझ्याकडे आहेत. त्यात सात-आठ प्रकारचे काठ आहेत, जे मला कुठल्याही छापील पुस्तकात सापडले नाहीत, यशोधरा डालमियांच्या १९८८ च्या ग्रंथातही नाही, आणि तो ग्रंथ या विषयावरचा सगळ्यात काळजीपूर्वक केलेला आहे.

अलीकडे एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरी तिच्या मुलाचं लग्न होतं. घरकुल पुरं झालेलं, शेवटचा हप्ताही आलेला. त्यानंतर त्यांनी मागच्या बाजूला कुडाची पडवी काढली. भात ठेवायला म्हणून, आणि लग्नासाठी म्हणूनही. कारवी जव्हारकडच्या नातेवाइकांनी दिली. ती टेम्पोने आणायची तर वाटेत कोण अडवेल म्हणून ग्रामसभेचा कागद बरोबर घेतला होता, वनहक्क कायद्याखाली गावाला मिळालेल्या हक्काचा. लिंपायला सगळ्या पाड्यातलं शेण गोळा करावं लागलं. चौक लिहायला चौघी बसल्या, त्यांत दोघी शहरात नोकरी करणाऱ्या. काठाची तिसरी पट्टी कुठली, यावर त्यांचं जमेना. तेव्हा त्या विद्यार्थिनीने मला फोन करून विचारलं, बाई, आमच्या वेळची ती वही आहे का अजून, आणि मी पान शोधून फोटो पाठवला. तो काठ तिच्याच आजीने सांगितलेला होता.